चमचाभर पाणी

पान मांडलं गेलं, वाढप्याने त्यावर पाण्याचा हबका मारला आणि तो पुढे गेला. आता हात पुढे करून ते पाणी पानभर फिरवायचं, कडेला लोटायचं, एवढंच करायचं होतं. रांगेतल्या सगळ्यांनी केलं. माझ्या पानावरचे थेंब मात्र तसेच राहिले. फुगीर, एकमेकांना न चिकटणारे थेंब. पान हललं की ते शिरेवरून घरंगळत आणि पुन्हा एका जागी येऊन थरथरत. मी माझे हात शोधले तेव्हा ते मांडीखाली दाबलेले होते. "अहो अहल्याबाई, पान पुसा ना! तो मीठवाला आला सुद्धा," सुलभाताई म्हणाल्या. त्या आमच्याच कॉलेजात शिकवतात. नवऱ्याच्या विमान कारखान्यातल्या नोकरीमुळे पुण्याहून इकडे बेंगळुरात आल्या आहेत आणि केळीच्या पानावर रस्सम् वाढतात याचं त्यांना अजून हसू येतं. मी मान हलवली. उठून जावं असं वाटत होतं. पण एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बसलेल्या बायकांची ओळ, समोरून सांबाराच्या बादल्या. आणि भरल्या पंगतीतून मध्येच उठायचं नसतं. मुलीकडच्यांना ते अशुभ वाटतं. बसवनगुडीतल्या त्या छत्रात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, नादस्वर कानाशी वाजत असताना, मी पुन्हा आत सापडले होते.

आत म्हणजे गावाबाहेरच्या त्या दवाखान्यात. शेवटच्या बसथांब्यापासूनही पुढे, नाचणीच्या शेतांपलीकडे, तारेच्या कुंपणात पत्र्याच्या लांब शेड होत्या. देवीच्या रोग्यांना तिथे ठेवत. तिथे पहिल्या सकाळी मी बैलगाडीतून केळीच्या पानांचे भारे उतरताना पाहिले आणि मला वाटलं, इतक्या लोकांचं जेवण आहे की काय. ती पानं अंथरायची होती. फोड फुटले की चादर अंगाला चिकटते, सोडवताना कातडं घेऊन येते. पान चिकटत नाही. अण्णांना, माझ्या वडिलांना, मी आणि शेजारच्या रोग्याच्या बायकोने, गोदूबाईंनी, धरून पानावर उताणं केलं तेव्हा पानावर रात्रीचं दव होतं आणि ते त्यांच्या पाठीखाली सरकलं. त्यांनी डोळे मिटले. गार वाटलं असावं.

अण्णांना जाऊन वर्ष झालं, वर्षश्राद्ध झालं, आता लग्नाकार्याला जायला हरकत नाही असं अक्कानेच मला सांगितलं. आईला आम्ही सगळे अक्काच म्हणतो. आमच्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहून मराठी बोलणाऱ्या घरांतून असंच असतं. आई अक्का होते, वडील अण्णा होतात आणि भांडण रंगात आलं की कन्नड सुरू होतं. अण्णा सर्व्हे ऑफिसात नकाशे काढत. त्यांच्या घरात देव्हारा होता, पण तो अक्काचा. गल्लीत लस टोचणारा आला की अण्णा त्याला खुर्ची देत, कॉफी देत, शेजाऱ्यांची पोरं मानगूट धरून आणत, माझ्या भावाच्या, भीमसेनच्या, मुलींना मांडीवर घेऊन त्यांचे दंड पुढे करत. "आणि तुम्ही?" असं त्याने विचारलं की बाही वर करून लहानपणच्या टोचणीचे खड्डे दाखवत. "हे बघ. एकदा टोचलं ते जन्माला पुरतं. मी अडाणी नाही." इतकं वाचलेला माणूस, आणि पुन्हा टोचून घ्यावं लागतं एवढंच त्याने कधी वाचलं नव्हतं. किंवा वाचलं असेल. पण पुन्हा टोचून घेणं म्हणजे अक्कासारखं घाबरणं, असं त्यांना वाटत असेल. हा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे आणि तो कुठेच जात नाही.

ताप आला, मग कपाळावर पुरळ दिसलं, आणि अक्काने कुणाला न विचारता फोडणी बंद केली. दाराला कडुनिंबाचे डहाळे लावले. आमच्याकडे देवी आल्या की माणसाचं नाव घेत नाहीत. तो माणूस आता तो नसतो. अम्मा, म्हणजे ती देवी, त्याच्या अंगात पाहुणी आलेली असते, तिच्याशी बोलायचं, तिला विचारायचं, ती मागेल ते द्यायचं, तिला राग येऊ द्यायचा नाही. अक्का पितळी भांड्यातून ताक घेऊन गेली आणि हात जोडून म्हणाली, "अम्मा, स्वल्प ताक घ्या." अण्णांनी भांडं उडवलं. "मी शेषगिरी," ते ओरडले. "सर्व्हे ऑफिसातला. माझ्या अंगात येईल अशी बाई अजून जन्मली नाही. हे डहाळे काढ आणि डॉक्टरला बोलाव!" अक्का पदर तोंडात धरून बाहेर आली. मी डहाळे काढले. मला त्या वेळी अण्णांचा अभिमान वाटला, हेही आठवतं.

म्युनिसिपालिटीची गाडी आली तेव्हा बरोबरच्या माणसाने नियम सांगितला. दवाखान्यात नर्स फार थोड्या, म्हणून प्रत्येक रोग्याबरोबर घरचं एक माणूस घेतात. पण आत गेलेलं माणूस रोगी बरा होईपर्यंत बाहेर येत नाही, आणि त्यानंतरही काही दिवस नाही. आत नेलेली वस्तूही बाहेर येत नाही, जाळतात. भीमसेनने आपल्या मुलींकडे पाहिलं. अक्काचा दमा उसळला होता. मग सगळ्यांनी माझ्याकडे न पाहण्याचा प्रयत्न केला. मी बिनलग्नाची, कॉलेजला सुट्टी, आणि नुकतीच पुन्हा टोचून घेतलेली. मी पिशवी भरायला गेले. पुस्तकं काढली आणि परत ठेवली. जाळायला न्यायची नव्हती. साथींबद्दल मी पुष्कळ वाचलेलं होतं. कुलुपबंद शहरं, खडूने खुणा केलेली दारं, शहाणे वैद्य. त्या सगळ्यांत कुणी ना कुणी काहीतरी समजून घेत असे. कुणी दिवसभर एका माणसाच्या ओठांकडे पाहत बसलेलं मला कुठल्याही पुस्तकात आठवेना.

कारण तिथे तेवढंच काम होतं. डॉक्टर उपेंद्र म्हणून एक तरुण गृहस्थ सगळ्या शेड बघत. सोलापूरकडचे, मला मराठी येतं म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. "हे बघा, बाई," ते उभ्या उभ्या म्हणाले, "या रोगावर औषध नाही. इथं नाही आणि विलायतेतही नाही. पेनिसिलीन आहे ते फोडांत पू वाढू नये म्हणून, तेही पुरवून वापरतोय. सलाईनच्या बाटल्या इतक्या कमी आहेत की मी त्या पोरांना आणि गरोदर बायकांनाच लावतो. तुमच्या वडलांना लावणार नाही. ऐकायला वाईट वाटेल, पण आधीच सांगतो."

"मग मी काय करू?"

"पाणी द्या. साखर-मीठ घातलेलं. घसा आतून फोडांनी भरलाय, गिळताना सुरी फिरल्यासारखं होणार, ते नको म्हणणार. तरी द्या. चमचा चमचा, दिवसभर. डोळे धुवा, तोंड पोटॅशच्या पाण्याने पुसा. रोग आपला आपण उतरतो, तोवर माणूस सुकून जाता कामा नये. एवढंच आपल्या हातात आहे."

एवढंच माझ्या हातात होतं, आणि अण्णा तोंड उघडेनात. मी चमचा ओठांशी नेई, "अण्णा, एक घोट," म्हणे, आणि ते मान फिरवत. चेहरा सुजून ओळखेनासा झाला होता, एक डोळा पूर्ण मिटलेला, पण मान फिरवण्याची ती रीत त्यांचीच होती. जेवताना भाजी आवडली नाही की ते ताटापासून तशीच मान फिरवत आणि मग अक्का काय, ब्रह्मदेव आला तरी घास घेत नसत. मला घरी लहानपणी त्या मानेची भीती वाटे. मी विनवलं, रागावले, कॉलेजातल्या आवाजात बोलले. पाणी हनुवटीवरून पानावर उतरे आणि तिथे त्याचे थेंब होत. शेडमध्ये पत्रा तापत असे. वास असा होता की तो नाकाला येत नसे, अंगावर बसे. कुंपणापाशी करंजाची झाडं होती, तिथपर्यंत जायला परवानगी होती, त्यापुढे नाही. डोक्यावरून कारखान्याची नवी विमानं चाचणीसाठी घिरट्या घेत आणि मला वाटे, वरून बघणाऱ्याला या शेड कोंबड्यांच्या खुराड्यांसारख्या दिसत असतील.

शेजारच्या खाटेवर हणमंतराव होते, चिकपेठेतले शिंपी, आणि त्यांची बायको गोदूबाई. गोदूबाईंचं तोंड दिवसभर चाले. नवऱ्याला "अम्मा, तायी, घ्या हो, स्वल्प घ्या," असं आईला आळवावं तसं म्हणत त्या लोटेच्या लोटे पाणी पाजत आणि मध्येच मान वळवून माझ्याशी बोलत. "कॉलेजात शिकवता म्हणे तुम्ही. पोरी तरी ऐकतात का तुमचं? का त्या पण अशाच मान फिरवतात?" एकदा मी वाटी धुवायला बाहेर गेले आणि परत आले तर त्या अण्णांवर वाकलेल्या. "तायी, लेकरं वाट बघतायत, रागवू नका, एवढं घ्या." आणि अण्णांचे ओठ उघडले होते. त्यांच्या गळ्यातली ती हालचाल मी पाहिली. एक, मग आणखी एक. प्रत्येक घोटाला त्यांच्या पायाची बोटं वळत होती, पण ते गिळत होते.

"बघा," गोदूबाई म्हणाल्या. "तुम्ही आपलं अण्णा, अण्णा. अय्यो, अण्णा नाहीत हो ते आत्ता! अण्णा येतील मागनं. आत्ता कोण आहे ते बघून बोला की."

मला राग आला. तो गोदूबाईंचा नव्हता. ताक उडवणारा तो माणूस या सुजेच्या आत कुठेतरी असणार आणि त्याच्या पाठीमागे हे चाललं आहे, असं काहीतरी वाटलं. मी डॉक्टरांना विचारलं, अर्ध्या शरमेने. ते हसले. "महाराज म्हणा, महाराणी म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पाणी पोटात जाऊ दे. तापात माणूस कुठे कुठे असतो, आपल्याला काय माहीत?"

अण्णा कुठे होते? मला कावेरीआत्याची गोष्ट आठवली. अण्णांची धाकटी बहीण, जी आम्ही कुणी पाहिली नाही. ही गोष्ट ते आम्हांला गंमत म्हणून सांगत. कावेरीला देवी आल्या आणि ती एकदम घराची मालकीण झाली. तिने खडीसाखर मागितली, आणली. पोपट मागितला, आणला. ज्यांच्यापुढे घरातले पुरुष बसत नसत त्या आजोबांना तिने सांगितलं की नाचून दाखवा, आणि आजोबा उपरणं सावरून तिच्या अंथरुणापुढे नाचले. इथे अण्णा स्वतः उठून आजोबांसारखे दोन पावलं टाकत, आम्ही हसून लोळत असू, आणि गोष्ट संपे. कावेरीचं पुढे काय झालं हे आम्ही विचारलं नाही. ते आम्हांला माहीत होतं. अण्णांना देवी-अम्मांचा एवढा राग का, हे मी मोठी होऊन शिकले-सवरले तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला ते सगळं विज्ञान वाटे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गोदूबाई बाहेर आहेत असं बघून, मी वाकले आणि म्हटलं, "अम्मा." पुन्हा म्हटलं, "अम्मा, स्वल्प पाणी घ्या." अण्णांचा उघडा डोळा माझ्याकडे वळला. त्या डोळ्यात काय होतं ते मी अजून ठरवू शकलेले नाही. मग त्यांनी तोंड उघडलं.

त्यानंतर मी त्यात तरबेज झाले. लहानपणी शेजारपाजारी ऐकलेली सगळी वाक्यं जिभेवर आली. अम्मा, कृपा करा. अम्मा, लेकराकडे बघा. वाटी संपायची. लघवी होऊ लागली, जीभ ओली दिसू लागली, डॉक्टर म्हणाले, "छान. असंच चालू द्या." मला वाटलं, मी अण्णांना वाचवते आहे. आणि त्यातच ते दुसरं सुरू झालं. अम्मा बोलू लागली. घोगरा, फाटका आवाज, पण त्यात अण्णांचा ताठा नव्हता. "दमलीस," ती म्हणाली. मी इकडेतिकडे पाहिलं. अण्णांनी उभ्या जन्मात मला असं म्हटलं नव्हतं. मी रात्ररात्र परीक्षेचे पेपर तपासत असे तेव्हा ते दिव्याची वात कमी करून जात, बस. "बस जरा. जेवलीस का?" मी म्हटलं, "जेवले, अम्मा." "केस विंचर. झिपऱ्या झाल्यात." मी केस विंचरले. त्यांच्यासमोर, खाटेच्या कडेला बसून. त्यानंतर मी पाणी देण्याची वाट पाहू लागले ती नुसती पाण्यासाठी नव्हे.

"काय झालं हो, बरं नाही का?" सुलभाताईंनी कुजबुजून विचारलं. पानावर सगळं वाढून झालं होतं आणि मी काहीच पुसलं नसल्यामुळे कोशिंबिरीचं पाणी थेंबांत मिसळत होतं. "उपास आहे का? मग आधी सांगायचं नाही का! या लोकांना वाईट वाटेल." मी भाताचा घास घेतला. गिळायला काही त्रास झाला नाही. माझा घसा धडधाकट आहे. माणसं हसत होती, कुणी आणखी तूप मागत होतं. पंगत अर्ध्यावर होती.

हणमंतराव एका सकाळी गेले. पाणी ते शेवटपर्यंत घेत होते, अम्मा अम्मा चाललेलं होतं, आणि तरी गेले. गोदूबाईंनी भांडं खाली ठेवलं आणि त्यांना "अहो" म्हटलं. एकदाच, जसं दुकानातून वर जेवायला बोलवावं तसं. मग त्या रडल्या. त्यांनाही बाहेर सोडणार नव्हते. करंजाखाली बसून त्या गवत उपटत होत्या, आणि मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, "अम्मा म्हणून जाऊ दिलं हो मी त्यांना. एकदा तरी जिवंतपणी अहो म्हणायला नको होतं? पडल्या पडल्या त्यांना वाटलं असेल, ही कुणाशी बोलतीय एवढं गोड. माझ्याशी तर कधी बोलली नाही."

मी शेडमध्ये परत आले. पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या रेघा अण्णांवर पडल्या होत्या. मी चमचा भरला आणि म्हटलं, "अण्णा." त्यांनी मान फिरवली. "अण्णा, मी अहल्या." ओठ मिटलेले. "अण्णा, माझ्यासाठी." मी दिवसभर दुसरं काही म्हटलं नाही. संध्याकाळी डॉक्टर उपेंद्रांनी त्यांच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, सोडली, ती तशीच उभी राहिली, आणि ते माझ्यावर ओरडले. "काय चाललंय तुमचं? एवढ्या दिवसांची मेहनत! तुम्हांला काय सिद्ध करायचंय?" त्यांचे डोळे लाल होते, ते किती दिवस झोपले नव्हते कुणास ठाऊक. मला काही सिद्ध करायचं नव्हतं. मला वाटत होतं की अण्णांना कळावं, पाणी देणारी मी आहे. एवढंच हवं होतं आणि त्याची किंमत त्यांच्या जिवाएवढी होती. अण्णा म्हटलं तर ते माझे राहत होते आणि सुकत होते. अम्मा म्हटलं तर जगत होते आणि माझ्याशी बोलणारं कुणी भलतंच होतं. तिसरं काही त्या कुंपणाच्या आत नव्हतं.

मी पुन्हा अम्मा म्हणू लागले. पाणी जाऊ लागलं, पण पहिल्यासारखं नाही. श्वासात घरघर आली. एकदा पेनिसिलीन मिळालं, मग संपलं. फोड एकमेकांत मिसळून गेले होते आणि पान बदलताना आता त्यांच्या तोंडून आवाजही येत नव्हता. मी मात्र चमचा सोडला नाही. मला असं वाटू लागलं होतं की थांबले तर ते मरतील, म्हणजे मीच मारीन. हात आपला आपण वर-खाली होत असे. कधी कधी मला शंका येई की अण्णा शुद्धीवर आहेत, पूर्वीही होते. अण्णा म्हणून त्यांना आपल्या पोरीला नाही म्हणता येत होतं, पण दारात उभ्या राहिलेल्या याचकाला अम्मा नाही म्हणू शकत नाही, म्हणून ते तोंड उघडत होते. आजोबा नाचले तसे. आणि ते दमले आहेत, आणि मी त्यांना थांबू देत नाही.

शेवटची सकाळ होती हे तेव्हा माहीत नव्हतं. नवीन पानं आली होती. मी वाटी घेऊन बसले. "अम्मा, थोडं घ्या."

ओठ हलले, पण उघडले नाहीत. मी पुन्हा म्हटलं. मग तो घोगरा आवाज आला, इतका हळू की मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"त्यांना पुरे झालं."

"कुणाला?"

"तुझ्या अण्णांना."

मी चमचा तसाच धरून राहिले. त्यातलं पाणी माझ्या मनगटावरून कोपराकडे चाललं होतं. "डॉक्टर म्हणतात, दोन-चार दिवस काढले तर..."

"डॉक्टरला काय कळतं."

हे मात्र अण्णा होते. अक्काने वैद्याचा काढा पुढे केला की, कचेरीत वरिष्ठाने नकाशात चूक काढली की, याच सुरात. मला हसू आलं असावं, कारण त्यांचा डोळा माझ्या तोंडाकडे गेला. मी अण्णा म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता. पण ते ज्या आडोशाला उभे राहून हे बोलत होते तो मी ओढून काढला असता, तर त्यांना पुन्हा मान फिरवावी लागली असती. म्हणून मी वाटी खाली ठेवली आणि हात जोडले.

"अम्मा," मी म्हटलं, "त्यांना सांगाल का, अहल्या इथंच आहे?"

घरघर चालूच होती. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"ठाऊक आहे त्यांना," आवाज आला. "सगळं पाणी तिनेच दिलं."

त्यानंतर मी चमचा उचलला नाही आणि हाकही मारली नाही. ओल्या फडक्याने ओठ पुसत राहिले. गोदूबाई येऊन मागे उभ्या राहिल्या. दुपारी अण्णांना पानांसकट गुंडाळून फाटकाबाहेर नेलं. भीमसेन पलीकडे रस्त्यावर उभा होता. मला सोडायला अजून अवकाश होता, त्यामुळे मी करंजाच्या झाडांपर्यंत गेले आणि पहारेकऱ्याने हात आडवा केला तिथे थांबले.